डावीकडे दाखवलेली शीर

फार मागे, ज्या काळाचे नाव आता कोणालाच आठवत नाही अशा काळात, एका वाळवंटात एक काळा डोंगर होता. ही गोष्ट त्या डोंगराच्या पोटात घडली. लहानांनी ती निवांत ऐकावी. मोठ्यांना ऐकताना जरा चुळबुळल्यासारखे होईल, तर त्यांनी तसे होऊ द्यावे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. तिथे शेत नव्हते, झाड म्हणावे असे झाड नव्हते. होती ती काटेरी झुडपे आणि वारा. पण डोंगराच्या आत पांढऱ्या गारगोटीची एक शीर होती, आणि त्या गारगोटीत मोहरीएवढे, कधी त्याहूनही बारीक, सोन्याचे कण अडकलेले होते. गाव पिढ्यान्‌पिढ्या त्या शिरेच्या मागोमाग डोंगरात शिरत गेले होते. वर्षातून एकदा उंटांचा तांडा येई, सोने घेई आणि धान्य देई. गावाचे पोट त्यावर चाले.

काम काही सोपे नव्हते. काळा खडक इतका कठीण की त्याच्यावर छिन्नी नुसती घसरायची. म्हणून खडकाशी काट्याकुट्यांचा जाळ करायचा, खडक चांगला तापू द्यायचा आणि मग त्याच्यावर गार पाणी फेकायचे. तेव्हा कुठे तो तडकायचा. फुटलेले तुकडे कातडी पिशव्यांतून वर यायचे. बायका ते उखळात कांडायच्या, जात्यावर दळायच्या, आणि दुपारचा वारा सुटला की सुपात घेऊन पाखडायच्या. दगडाची भुकटी उडून जायची. सोने जड, ते सुपातच राहायचे. धुऊन काढायला पाणी होतेच कुठे?

पाणी होते ते एका टाक्यात. खडकात कोरलेले, पायऱ्या पायऱ्यांनी खोल उतरत गेलेले ते टाके होते. वर्षा-दोन वर्षांतून आभाळाच्या मनात यायचे आणि टाके भरायचे. मध्यावर एक रुंद पायरी होती. तिच्या वरचे पाणी डोंगराचे, तिच्या खालचे माणसांचे, असा रिवाज होता. एक म्हातारी टाक्याची राखण करी, आणि तिच्या हुकमाशिवाय कोणाला ओंजळभरही पाणी मिळत नसे. रुंद पायरीखालचे पाणी डोंगराला द्यायची वेळ आलीच, तर ते एकाच माणसाच्या शब्दावर देता येई. तो माणूस म्हणजे गावचा पारखी.

पारखी तीस वर्षे खडक वाचत आला होता. शीर पुढे कुठे वळेल, कुठे जाड होईल, कुठे तिच्यावर तांबड्या गंजाचे ठिपके दिसतील आणि त्या ठिपक्यांशेजारी सोने असेल, हे तो सांगे आणि तसेच होई. सगळे त्याला पारखीबुवा म्हणत. तो आला की बसलेली माणसे उठून उभी राहत. त्याला ते आवडे. कोणाला आवडणार नाही? पण पुढे पुढे ते नुसते आवडण्यापुरते राहिले नाही, त्याची त्याला गरज लागू लागली.

त्याची बायको वारली होती. मुलगा तांड्याबरोबर दूरदेशी गेला होता, तो वर्षाने परतायचा. घरी सून होती. ती सकाळी घर सांभाळी, सासऱ्याला जेवू घाली आणि दुपारी इतर बायकांबरोबर पाखडायला जाई.

एके दिवशी शीर संपली.

संपली म्हणजे सुरीने कापावी तशी तुटली. पुढे नुसती काळी भिंत उभी होती, घासून गुळगुळीत झालेली. गावाला हे अगदीच नवे नव्हते. डोंगरही कधीकाळी सरकतात. त्यांचा एक भाग दुसऱ्याला घासत बाजूला जातो आणि मधली शीर तुटते. तुटलेला तुकडा कुठे गेला, हे त्या घासलेल्या भिंतीलाच विचारायचे असते. तिच्यावर तळहात टेकवून डावीउजवीकडे फिरवायचा. एका बाजूला हात सरसर जातो, दुसऱ्या बाजूला बारीक कंगोरे टोचतात. हात जिकडे सरसर जातो तिकडे पलीकडचा डोंगर गेला, आणि शीरही तिकडेच गेली असे समजायचे. ही खूण पारख्याला त्याच्या वडिलांनी शिकवली होती.

त्या दिवशी सगळे गाव भुयारात दाटीवाटीने उभे होते. मशाली जळत होत्या. पारखी आला तशी माणसे बाजूला सरली आणि त्याला वाट मिळाली. एवढी सगळी तोंडे आपल्याकडे लागलेली पाहून त्याची छाती फुगली. भिंत अजून दहा हात लांब होती. तो तिथेच थांबला आणि हातातली काठी उचलून त्याने डावीकडे दाखवली.

खोदणाऱ्यांपैकी एकाने अदबीने विचारले, की बुवा, हात लावून बघणार नाही का?

“तीस वर्षांनंतर मला बघायला हात लागत नाही,” पारखी म्हणाला. लोक हसले. तोही हसला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खोदणारे यायच्या आधी, तो एकटाच आत गेला. मनात कुठेतरी काटा रुतला होता. त्याने भिंतीवर तळहात टेकवला आणि डावीकडे नेला. कंगोरे टोचले. उजवीकडे नेला. हात तेलावरून जावा तसा सरसर गेला. त्याने पुन्हा करून पाहिले. मग दुसरा हात लावून पाहिले. भिंत तेच सांगत होती.

आता खोदणारे येतील, त्यांना सांगून टाकू, असे त्याने ठरवले. इतक्यात ते आलेच, खांद्यावर जळणाचे भारे आणि पाण्याच्या पखाली घेऊन, थट्टामस्करी करत. कालच्या त्याच्या वाक्याची एकजण नक्कल करत होता, तीही कौतुकाने. पारख्याने तोंड उघडले आणि विचारले, की जळण वाळलेले आहे ना? एवढेच त्याच्या तोंडून निघाले.

संध्याकाळी सांगू, असे त्याने मनाशी म्हटले. संध्याकाळपर्यंत डावीकडे हातभर भोक पडले होते आणि माणसे दमून, काळीठिक्कर होऊन बसली होती. एवढे कष्ट फुकट गेले हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? उद्या सांगू. शिवाय डोंगराचे काय सांगावे, एखादा फाटा डावीकडेही निघायचा. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणांची कमी पडत नाही. पारख्यालाही पडली नाही.

असे दिवस गेले, मग आठवडे गेले. डावीकडचा खडक कठीण होता आणि त्यात काही नव्हते. रोज जाळ होई, रोज पखाली रित्या होत, रोज बायका काळी भुकटी पाखडत आणि सूप कोरडे निघे. पारखी लोकांपासून जरा लांब राहू लागला. कोणी वाटेत भेटले की तो आधीच दुसरीकडे पाही.

मग एका दुपारी टाक्याची राखणदार म्हातारी त्याला शोधत आली.

“बुवा, पाणी रुंद पायरीला लागलं,” ती म्हणाली. “आता खाली आहे ते माणसांचं. आभाळात तर काही दिसत नाही. तुम्ही म्हणाल तर देते मी डोंगराला, पण पाऊस यायच्या आत टाकं आटलं तर गाव सोडावं लागेल. शीर जवळ आहे का?”

पारख्याने ठरवले, की आता बस झाले. म्हातारीला त्याने जरा थांबायला सांगितले आणि तो पाखडण्याच्या खळ्याकडे निघाला. आधी बायकांसमोर कबूल करू, त्या जरा मऊ असतात, मग बाकीच्यांना सांगू, असा त्याचा विचार होता. तो खरोखरच निघाला होता. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे.

खळ्यावर गलका चालला होता. सुपात सोने आले होते. चिमूटभरच, पण उन्हात लखलखत होते. बायकांनी ते त्याच्या तळहातावर ओतले आणि म्हणाल्या, की बुवा, आम्ही तुमच्याबद्दल काय काय बोललो, आम्हाला माफ करा. सून जरा मागे, सूप मांडीवर घेऊन, खाली मान घालून बसली होती.

पारख्याने तळहातावर पाहिले. त्या डोंगराचे सोने फिकट असे. त्याचे कण ओबडधोबड असत आणि त्यांना पांढऱ्या गारगोटीचा कण चिकटलेला असे. हातावरचे सोने तांबूस होते, सोनाराने दागिना टिकावा म्हणून तांबे मिसळावे तसे. त्याचे कण नव्हतेच, होता तो कानशीने घासून काढलेला कीस. तीस वर्षांच्या नजरेला हे कळायला डोळ्याची पापणी लवायलाही वेळ लागला नाही.

आणि त्याने त्या नजरेला गप्प बसवले.

तो परत आला आणि म्हातारीला म्हणाला, “दे पाणी. शीर जवळ आहे.”

त्या दिवसापासून गावाच्या पिण्याचे पाणी तापल्या खडकावर पडू लागले. दोन-तीन दिवसांआड सुपात चिमूटभर सोने येई, आणि गाव आणखी जोमाने कामाला लागे. माणसांना पाणी मोजून मिळू लागले. आंघोळी कधीच बंद झाल्या होत्या, आता पोरांची तोंडे ओल्या फडक्याने पुसायची तेही बंद झाले. शेळ्या एकेक करून आडव्या झाल्या. एका बाळंतिणीचे दूध आटले, तर शेजारणींनी आपल्या वाटचे पाणी तिला दिले. कोणी कुरकुर केली नाही, कारण पारखीबुवांनी शीर जवळ असल्याचे सांगितले होते.

घरी सून रोजच्यासारखी ताट वाढी. पारखी ताटात पाही. भाकरी ठेवणाऱ्या हाताकडे तो पाहत नसे. लग्नात त्या हातांत चार पाटल्या आल्या होत्या, माहेरच्या सोनाराने घडवलेल्या. आता त्यांतल्या किती उरल्या आहेत, हे त्याला बघायचे नव्हते. वाढताना पूर्वी एक बारीक किणकिण ऐकू येई, ती हळूहळू कमी झाली आणि मग बंद झाली. त्या काळात तो पटापट जेवू लागला. आपणच आपल्या घरात चोरासारखे बसतो आहोत, हे त्याला कळत होते, आणि तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भुयारात जाऊन डावीकडे बोट दाखवत होता.

मग सोने यायच्या दिवशीही सूप रिकामे निघाले. दुसऱ्या दिवशीही रिकामेच निघाले. तिसऱ्या दिवशी सकाळी सून त्याच्यासमोर येऊन बसली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मनगटे उघडी होती.

“मामंजी,” ती म्हणाली, “आता माझ्याकडे काही राहिलं नाही.”



सून सांगू लागली. सूप रोज कोरडे निघू लागले तशा बायका त्याच्याबद्दल वाईटसाईट बोलू लागल्या होत्या. तिला ते ऐकवेना. सासऱ्याचा शब्द कधी खोटा पडलेला तिने पाहिला नव्हता, तेव्हा आज ना उद्या शीर सापडणारच, तोवर त्यांची मान खाली जाऊ नये, म्हणून तिने एक पाटली घासली. दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे असे तिला वाटले होते. मग दुसरी घासली, मग तिसरी, मग चौथी. नवरा आल्यावर त्याला काय सांगायचे याची तिला भीती होती, पण शीर सापडली की सगळेच भरून निघेल असे ती धरून चालली होती.

“मी तुमच्यावर भरवसा ठेवून ते सुपात टाकत होते,” ती म्हणाली. “पण परवा मनात आलं, की एवढे मोठे पारखी, त्यांना कीस आणि कण यातला फरक कळला नसेल का? मामंजी, तुम्ही ओळखलं होतं का?”

खोटे बोलायला अजूनही जागा होती. पारख्याने त्या उघड्या मनगटांकडे पहिल्यांदा पाहिले, आणि त्याला ती जागा नकोशी झाली.

“पहिल्याच दिवशी ओळखलं,” तो म्हणाला. “आणि भिंत उजवीकडे सांगते आहे, हे त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं.”

सून रडली नाही, भांडली नाही. ती उठली आणि चुलीशी गेली. तिने दोन शब्द सुनावले असते तर त्याला बरे वाटले असते. ती पाठ करून बसली, आणि पारखी घराबाहेर पडला.

त्याच सकाळी त्याने टाक्यापाशी गाव गोळा केले आणि सगळे सांगितले. काठीपासून कानशीच्या किसापर्यंत, काही गाळले नाही. सांगताना त्याची मान इतकी खाली होती की त्याला फक्त लोकांचे पाय दिसत होते. भेगाळलेले, धुळीने पांढरे झालेले पाय. त्यातले एकही पाऊल पुढे आले नाही आणि एकही मागे सरले नाही.

त्याचे बोलणे झाल्यावर खोदणारे मुकाट्याने आत गेले आणि उजवीकडे खणू लागले. आणि इथे डोंगराने पारख्याची राहिलेली लाजही काढली. सरकताना त्या बाजूच्या खडकाचा चुरा झाला होता. तो इतका भुसभुशीत होता की जाळ नको, पाणी नको, नुसत्या कुदळीने ढासळत होता. तिसऱ्या दिवशी शीर सापडली. मांडीएवढी जाड, पांढरीशुभ्र, तांबड्या ठिपक्यांनी भरलेली, आणि मशालीच्या उजेडात दिसतील असे सोन्याचे कण.

कोणाला आनंद झाला नाही. टाक्यात तळाशी जे पाणी उरले होते, ते वाळवंट ओलांडायला जेमतेम पुरणार होते. तिथे थांबून खणत बसायला ते पुरणार नव्हते, आणि आभाळ कोरडे होते. ज्या शिरेसाठी गाव पिढ्यान्‌पिढ्या जगले, ती शीर डोळ्यांनी पाहून गावाला तिच्याकडे पाठ फिरवावी लागली.

निघताना पारख्याने टाक्याच्या म्हातारीपुढे हात जोडले आणि मला काय ती शिक्षा करा म्हणून विनवले.

“शिक्षा करायला थांबावं लागतं, बुवा,” म्हातारी म्हणाली. “थांबायला पाणी कुठे आहे?” आणि ती पखाली भरायच्या कामाला लागली.

गाव चालू लागले. दोन म्हातारी माणसे वाटेतच गेली. त्यांना वाळूत ठेवताना पारख्यालाही बोलावले गेले, इतरांसारखेच. कोणी त्याला शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. सवयीने सगळे त्याला पारखीबुवाच म्हणत राहिले, आणि ती हाक आली की त्याला वाटे, आपल्याला दुसरे काहीही नाव ठेवा, पण हे नको.

पाचव्या दिवशी दुपारी एका खडकाच्या सावलीत सगळे टेकले. सून पाण्याची वाटी घेऊन त्याच्याकडे आली. घर सोडल्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. त्याने वाटीला हात लावला नाही. तिलाच पी म्हणाला, आणि आपल्याला पाणी प्यायचा काही हक्क राहिला नाही असेही म्हणाला.

सुनेने वाटी त्याच्यासमोर ठेवली.

“एक सांगते, मामंजी,” ती म्हणाली. “त्या पहिल्या सकाळी तुम्ही सगळ्यांना म्हणाला असता ना, की काल माझं चुकलं, शीर उजवीकडे आहे, तर लोक घटकाभर हसले असते आणि कुदळी घेऊन उजवीकडे वळले असते. मी घरी येऊन तुम्हाला असंच पाणी दिलं असतं. तेव्हाही तुम्ही मला मामंजीच होता.”

एवढे बोलून ती उठली आणि दूध आटलेल्या त्या बाळंतिणीच्या पोराला घेण्यासाठी गेली. पारख्याने वाटी उचलली. जो मान जाऊ नये म्हणून त्याने गावाचे पाणी खडकावर ओतले, तो तर कधी जाणारच नव्हता, हे त्याला तेव्हा कळले. गावाच्या वाटणीतले ते पाणी सांडायचाही त्याला हक्क नव्हता, म्हणून तो ते घोट घोट करून प्याला. पुढे परक्या गावांत मोलमजुरी करत तो पुष्कळ वर्षे जगला, आणि चारचौघांत त्याने मान वर केलेली कोणी पाहिली नाही.

म्हणून ध्यानात ठेवा: आपली चूक आपण झाकत राहिलो, तर तिची भरपाई आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना करावी लागते.